शाळा गावची, किल्ली मंत्रालयाची

दिघोरी (जि. भंडारा) : लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) या गावातील एखाद्या पालकाला आपल्या मुलाच्या वर्गावर शिक्षक का नाही, असा प्रश्न पडला, तर तो प्रथम मुख्याध्यापकांकडे जातो. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांचे नाव सांगतात. केंद्रप्रमुख लाखांदूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि गटशिक्षणाधिकारी भंडाऱ्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. भंडाऱ्यात त्याला सांगितले जाते, की पद मंजूर नाही. मंजुरी संचमान्यतेनुसार होते, संचमान्यतेचे निकष शासन ठरवते आणि भरती राज्यस्तरावरील संकेतस्थळामार्फत होते. म्हणजे प्रश्न दिघोरीचा असला, तरी त्याचे उत्तर पुण्यातील शिक्षण आयुक्तालयात किंवा मुंबईतील मंत्रालयात असते. शाळेच्या दर्शनी पाटीवर मात्र ठळक अक्षरांत 'जिल्हा परिषद' असे लिहिलेले असते.

ही पाटी खोटी नाही, पण ती अर्धेच सत्य सांगते. गावातील मुलाला शाळा मिळेल की नाही, ती किती अंतरावर असेल, तेथे किती शिक्षक असतील आणि ती चालू राहील की बंद होईल, हे नेमके कोण ठरवते, याविषयी गावोगावी गैरसमज आहेत. सरपंचांना वाटते आपल्या हाती काही नाही. ग्रामस्थांना वाटते सरपंचांनी मनावर घेतले नाही. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे. कायद्याने कर्तव्याचा मोठा भार स्थानिक संस्थांवर टाकला आहे. ते पार पाडण्यासाठी लागणारे अधिकार मात्र गेल्या काही वर्षांत एकेक करून वर गेले आहेत.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या २००२ मधील ८६ व्या दुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील मुलांच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. त्यानुसार २००९ मध्ये झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. यातील कलम ८ राज्य शासनाची कर्तव्ये सांगते आणि कलम ९ स्थानिक प्राधिकरणाची. ग्रामीण भागात स्थानिक प्राधिकरण म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषद. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली, तर मजकूर बराचसा सारखा दिसतो. जवळपास शाळा उपलब्ध करणे, इमारत, शिक्षक व साहित्य पुरवणे, दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ न देणे ही कामे दोघांवरही आहेत. त्याशिवाय कलम ९ मध्ये काही कामे खास स्थानिक संस्थेची म्हणून येतात. आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे, शाळांच्या कामावर देखरेख करणे आणि शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक निश्चित करणे, ही ती कामे होत.

शेवटचे काम वाचून अनेक शिक्षकांना आश्चर्य वाटेल. शाळा केव्हा सुरू व्हावी आणि परीक्षा केव्हा घ्याव्यात, हे कायद्याच्या शब्दांप्रमाणे स्थानिक संस्थेने ठरवायचे आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. जुलैमध्ये रोवणी सुरू झाली, की आईवडील बांधीत असतात आणि थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. रात्रभर नाटके चालतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे असतात. झाडीपट्टीचे हे वेळापत्रक पुण्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. उन्हाळ्याचेही तसेच. विदर्भातील शाळा जूनमध्ये उर्वरित राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात, एवढी सवलत शासन देते. परंतु २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांसाठी राज्यभर एकच वेळापत्रक आले आणि परीक्षा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्याच्या उंबरठ्यापर्यंत लांबल्या. विदर्भातील पारा त्या दिवसांत कोठे असतो, हे येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही. जिल्हा परिषदेने स्वतःचे वेळापत्रक करावे, असे कायदा सांगत असताना ते राज्याच्या संस्थेने केले. त्यावर पालक व शिक्षकांनी नाराजी व्यक्त केली. पण कलम ९ चा आधार फारसा कोणी घेतला नाही.

वीस मुलांचे गणित

शाळा मिळण्याच्या हक्कात सर्वांत कळीचा मुद्दा अंतराचा आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी. नवी शाळा उघडण्यासाठी त्या परिसरात किमान वीस मुले उपलब्ध असावीत, अशी अटही याच नियमांत आहे. ही अट शाळा उघडण्याची आहे. पुढे धोरणात हाच वीसचा आकडा शाळा टिकवण्याची अट असल्यासारखा वावरू लागला. या सूक्ष्म बदलाकडे दुर्लक्ष झाले, आणि आजच्या बहुतेक वादांचे मूळ तेथेच आहे.

घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळेत सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. त्यावर राज्यभर टीका झाली. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांना पत्र पाठवून 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागितले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला त्यासाठी देण्यात आला होता. वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची संख्या त्या वेळी राज्यात पावणेपंधरा हजारांच्या घरात होती आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले शिकत होती. शाळा बंद करण्याचा हेतू नसल्याचे शासनाकडून सांगण्यात आले. एकत्र आल्याने मुलांना प्रयोगशाळा, क्रीडांगण, विषयशिक्षक आणि बरोबरीच्या मुलांची सोबत मिळेल, असा युक्तिवाद होता. तो पूर्णतः पोकळ नाही. चार वर्गांची मिळून सात मुले आणि एक शिक्षक अशा खोलीत शिकणे सुखाचे नसते.

परंतु नकाशावरील किलोमीटर आणि पायाखालचा किलोमीटर यांत फरक असतो. लाखांदूर तालुक्यात चुलबंदच्या खोऱ्यातील नाले पावसाळ्यात रस्ता अडवतात. काही गावे जंगलाला लागून आहेत आणि वाघाचा वावर हा तेथे बातमीचा नव्हे, रोजच्या बोलण्याचा विषय आहे. सहा वर्षांच्या मुलीला टोलीतून दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवायचे, तर तिच्यासोबत कोणीतरी मोठे जावे लागते, आणि मोठ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. केंद्राच्या २०१० च्या नियमांत दुर्गम भूभाग, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी अंतराची मर्यादा कमी करता येईल, अशी तरतूद आहे. ती वापरायची, तर नाला कोठे आहे हे माहीत असणाऱ्याच्या हाती निर्णय हवा. पुण्यातील अधिकाऱ्याला तो नाला ठाऊक नसणे हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. तो नाला ठाऊक असणाऱ्यांना अंतिम निर्णयात स्थान नसणे, हा मात्र व्यवस्थेचा दोष ठरतो.

शाळा बंद न करताही ती बंद पडू शकते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. वीसपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेत एक नियमित शिक्षक आणि दुसऱ्या जागी सेवानिवृत्त शिक्षक, अशी व्यवस्था त्यात आली. सहावी ते आठवीच्या वर्गांत पट वीसच्या खाली असल्यास नियमित पदच मिळणार नाही, अशी स्थिती निर्माण झाल्याने शिक्षक संघटनांनी मोठा विरोध केला. मूळ कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे नमूद आहे. पद मिळाले नाही, की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे समायोजन दुसरीकडे होते. एकाच शिक्षकावर सर्व वर्ग पडतात. हे पाहून ऐपत असलेले पालक मुलाला खासगी शाळेच्या वाहनात बसवतात. पट आणखी घटतो आणि पुढच्या वर्षीच्या संचमान्यतेत तोच आकडा शाळेच्या विरोधात पुरावा म्हणून उभा राहतो. या चक्रात गावाने शाळा बंद करण्याचा ठराव कधीच केलेला नसतो.

अधिकार वर कसे गेले?

भंडारा जिल्ह्याला स्थानिक कारभाराची परंपरा नवी नाही. मध्य प्रांतात १८८३ च्या कायद्यानंतर डिस्ट्रिक्ट कौन्सिले आली आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९२० मध्ये मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्याने सक्तीचे शिक्षण लागू करायचे की नाही, हे स्थानिक संस्थांवर सोपवले. अधिकार मिळाला, पण पैसा मिळाला नाही. साहजिकच सक्ती मोजक्या ठिकाणी पोचली. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी राज्याच्या हुकमाने व राज्याच्या खर्चाने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आरंभ करून १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात लागू केले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयकही सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवरच सोपवणारे होते आणि तेही नामंजूर झाले. स्थानिक स्वातंत्र्य आणि स्थानिक दारिद्र्य ही जोडी जुनी आहे.

१९३७ नंतर मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना पुढे आणली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ती मागे पडली. १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या. तहसील हे त्यांचे क्षेत्र असे. त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, गोंदिया व साकोली या तीन तहसिली होत्या आणि आजचा लाखांदूर तालुका साकोलीत मोडत असे. जुनी मंडळी आजही एखाद्या शाळेला 'जनपदची शाळा' म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शिक्षण हे त्यांचे सर्वांत मोठे काम. विदर्भातील जिल्हा परिषदा तर माध्यमिक शाळाही चालवतात. मात्र शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी असले, तरी त्यांच्या वेतनाचा पैसा राज्याच्या अनुदानातून येतो. अधिकार वर जाण्याची शिडी येथेच लागली होती. ती वापरली गेली पुढे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला आणि केंद्रालाही त्यात प्रवेश मिळाला. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने उलट दिशा दाखवली. अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय पंचायतींकडे देण्यायोग्य म्हणून नोंदवला गेला. परंतु तो द्यायचाच, असे बंधन राज्यांवर घातले गेले नाही.

प्रत्यक्षात काय झाले, ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिसते. शिक्षक भरती पूर्वी जिल्हा पातळीवरील निवड यंत्रणेमार्फत होई. २०१७ नंतर ती 'पवित्र' या राज्यस्तरीय संकेतस्थळावर गेली. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पातळीवर होत. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने त्या संगणकीय पद्धतीने राज्यभर एकाच नियमाने होऊ लागल्या. विद्यार्थ्यांची गणना राज्याच्या व केंद्राच्या माहितीप्रणालीत गेली आणि आधार क्रमांक पडताळला नसलेले मूल वर्गात बसलेले असूनही संचमान्यतेत मोजले न जाण्याची वेळ आली. त्यातच २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि काही वर्षे तेथे प्रशासकांचा कारभार चालला. भंडारा त्या मानाने सुदैवी ठरला. येथील निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली आणि जिल्ह्याला शिक्षण समिती व सभापती मिळाले. पण समितीपुढे विषय काय येतात? खोल्यांची दुरुस्ती, शौचालये, कुंपण, वीजबिल. शिक्षक किती द्यायचे, हा विषय तिच्यापुढे येतो तो माहितीसाठी.

या जिल्ह्यात यासारखीच एक गोष्ट पूर्वी घडून गेली आहे. मालगुजारी काळातील तलाव गावाच्या व्यवस्थेने राखले जात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव शासनाचे झाले. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मालकी वर गेली, गाळ मात्र गावातच साचत राहिला. तलावाच्या पाळीवर झाड उगवले, तरी अर्ज कोठे करायचा हे अनेक वर्षे गावाला उमगत नव्हते. शाळांच्या बाबतीत तशी वेळ आली आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दिशा ओळखीची आहे.

गावही निर्दोष नाही

तथापि अधिकार गावाकडे दिले, की सारे सुरळीत होईल, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. शाळेच्या दाराशी मुलांना अडवण्याचे काम अनेकदा गावानेच केले आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. मुंबई सरकारनेही तेव्हा स्थानिक लोकमताचा मान राखला. पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, असे स्पष्ट केले. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली आणि रयतेच्या करातून जमलेला पैसा रयतेच्या मुलांवर खर्च होत नाही, हे दाखवून दिले. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई प्रांतातील सार्वजनिक ठिकाणे व शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. परंतु स्थानिक संस्थांनी चालढकल केल्याने, ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव १९२६ मध्ये करावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधान सभेत खेड्याला राज्यव्यवस्थेचे एकक मानण्यास जो कडवा विरोध केला, त्यामागे हा अनुभव होता. अमेरिकेतही १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कृष्णवर्णीय मुलांना शाळेत बसवण्यासाठी १९५७ मध्ये लिटल रॉक येथे केंद्राला सैनिक पाठवावे लागले होते. शाळांचा कारभार तेथेही स्थानिक मंडळांकडेच होता.

अलीकडची उदाहरणे इतकी दारुण नसली, तरी बोधक आहेत. जिल्हा पातळीवरील बदल्यांत शिफारशींचा बाजार होतो, ही तक्रार जुनी होती. संगणकीय बदल्यांमुळे कोणाचीही ओळख नसलेल्या, वर्षानुवर्षे अवघड क्षेत्रात अडकलेल्या अनेक शिक्षिकांना गावाजवळ येता आले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत लक्षावधी विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. त्यानंतर स्थानिक आकड्यांवर विश्वास ठेवा, असे शासनाला सांगणे कठीण झाले. मंत्रालयाने किल्ली आपल्याकडे घेतली, ती केवळ सत्तेच्या हव्यासाने, असे म्हणता येत नाही.

दुसरीकडे, राज्यही नेहमी दुर्बलांच्या बाजूनेच उभे राहते, असे नाही. खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यास स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. गावातील शाळा बंद करताना एक किलोमीटरची अट सैल आणि खासगी शाळेला सूट देताना तीच अट घट्ट, असा हा विरोधाभास होता.

गणवेशाचा धडा

अधिकार कोणत्या पातळीवर असावा, याचे सर्वांत सोपे उदाहरण गणवेशाचे आहे. पूर्वी गणवेशाचा निधी शाळा व्यवस्थापन समितीकडे येई. समिती गावातील किंवा बाजारगावातील दुकानातून कापड घेई आणि शिंप्याकडून शिवून घेई. राज्य शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' योजना आणली आणि २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्यस्तरावर करून शिलाईचे काम महिला बचत गटांकडे सोपवले. उद्देश चांगला होता : दर्जा एकसारखा, खरेदी मोठी, महिलांना काम. प्रत्यक्षात अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला, तरी गणवेश आले नाहीत. जे आले, त्यांतील कित्येक मापात बसेनात. पहिलीतील मुलाची उंची मंत्रालयाला कशी कळावी? २० डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने शासनाने ही व्यवस्था बदलली आणि २०२५-२६ पासून गणवेश खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. वर गेलेला अधिकार खाली परत आल्याचे हे अलीकडचे दुर्मिळ उदाहरण आहे. ते घडले कारण फसवणूक लपण्यासारखी नव्हती. आखूड बाही सर्वांना दिसते. शिक्षकाचे रिकामे पद तितके ठळक दिसत नाही.

दोन्ही पातळ्यांनी आपापले काम केले, तर काय होऊ शकते, याचा एक नमुना सीमेपलीकडे बालाघाटच्या बाजूला, मध्य प्रदेशात होऊन गेला. १९९७ मध्ये तेथे सुरू झालेल्या शिक्षण हमी योजनेत, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत ४० मुले (आदिवासी भागात २५) असतील आणि पंचायतीने मागणी केली, तर ९० दिवसांच्या आत शिक्षक व शाळा देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले होते. गुरुजी स्थानिक असे, मानधन शासनाचे असे. या गुरुजींना मिळणारे तुटपुंजे मानधन व अपुरे प्रशिक्षण यांवर योग्य टीका झाली. तरीही मागणी गावाची आणि मुदत शासनावर, ही मांडणी लक्षात घेण्याजोगी होती. महाराष्ट्रातही २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या व त्यांतून अनेक टोल्यांना प्रथमच शाळा मिळाली. पुढे त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि तेथील निमशिक्षकांना २०१४ मध्ये नियमित सेवेत घेण्यात आले. आज वीसच्या आतील पटांच्या यादीत सापडतात त्या अशाच लहान वस्त्यांवरील शाळा.

गावाच्या हाती काय उरले?

कायद्यानुसार प्रत्येक शासकीय, स्थानिक संस्थेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. धारवाडचा अनुभव लक्षात घेता ही अट क्षुल्लक नाही. बहुतेक गावांत ही समिती स्वाक्षरीपुरती उरली आहे, हे मान्य करावे लागेल. सभा मुख्याध्यापकांच्या सोयीने होते, इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि मजुरीवर जाणाऱ्या आईच्या घरी नोंदवही फिरते. शाळेत एकाच वेळी इतक्या समित्या होत्या, की २०२५ मध्ये शासनालाच त्यांपैकी अनेक एकत्र कराव्या लागल्या.

मात्र याच समितीकडे एक काम असे आहे, ज्याचा उपयोग क्वचितच केला जातो. कलम २२ नुसार समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात वर्षवार पट, लागणारे शिक्षक, खोल्या व साहित्य यांचा अंदाज मांडायचा असतो. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी अध्यक्ष व सचिवांच्या स्वाक्षरीने तो स्थानिक प्राधिकरणाला सादर करावा लागतो. राज्य शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करावयाच्या योजना व द्यावयाची अनुदाने यांना हाच आराखडा आधार राहील, असे या कलमाचे दुसरे पोटकलम सांगते. 'राहील' हा शब्द तेथे आदेशार्थी आहे. संचमान्यतेत एक शिक्षक मंजूर होतो आणि आराखड्यात दोन मागितलेले असतात, तेव्हा दोन कागद समोरासमोर येतात. त्यांपैकी एक शासन निर्णय असतो, तर दुसऱ्यामागे संसदेने केलेला कायदा असतो. दिघोरीच्या किंवा कोणत्याही गावच्या समितीला हा आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवता येतो, त्याची पोच लाखांदूरला घेता येते आणि पद नाकारले गेल्यास ते कोणत्या कारणाने, हे भंडाऱ्याकडे लेखी विचारता येते.